बाविशीपासून अठ्ठावन्नपर्यंत सगळे एकाच खात्यात: कसं चालवता?

टेस्टबेंच

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. जूनपासून टेस्टिंग आणि क्वालिटी ही दोन्ही खाती माझ्याकडे आली. मी चाळिशीला आलेली. खात्यातला सगळ्यात धाकटा बावीस वर्षांचा, डिप्लोमा करून नुकताच लागलेला. सगळ्यात मोठे अठ्ठावन्नला टेकलेले, मार्चअखेर निवृत्त होतील. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही.

माणसं चांगली आहेत, काम मनापासून करतात. तरी काही गोष्टी सुटत नाहीत.

कोणत्या गिऱ्हाइकाला काय चालत नाही, कोणता जॉब, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कोणत्या साली का परत आला, ओव्हनमधला जॉब सुकला हे कशावरून ओळखायचं, हे सगळं काकांच्या डोक्यात आणि त्यांच्या खिशातल्या डायऱ्यांत आहे. सगळं लिहून द्या, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी दिलंही, पण मॅन्युअलमध्ये आहे तेवढंच त्यात उतरलं. नवी मुलं वर्ष-दीड वर्षात हाताशी येतात आणि सोडून जातात. काकांना वाटतं, शिकवून काय उपयोग? मुलांना वाटतं, काका हातचं राखतात. शिवाय रात्री ग्रुपवर मेसेज पडतात. जुन्यांना लगेच उत्तर हवं असतं, नवे सकाळी बघतात, आणि सकाळी आल्या आल्या कुरबुर.

आणि ज्यांच्या हाताखाली मी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, धरायला शिकले, त्यांनाच आज मी काम लावून देते. ते काही बोलत नाहीत, पण मला जड जातं.

कारखाना, दुकान, शाळा, बँक, तुम्ही जे चालवलं असेल त्यातलं सांगा.

सुरसागरकाठी

तुमच्या खात्यात तिशी-पस्तिशीचे किती आहेत?

टेस्टबेंच

एकच. तोही विंडिंग खात्यातून उसना आणलेला.

सुरसागरकाठी

मग अडचण तिथे आहे. जुन्यांचं म्हणणं नव्यांना कळेल अशा भाषेत सांगणारा आणि नव्यांची तक्रार जुन्यांना न दुखावता पोचवणारा माणूस याच वयाचा असतो. तुमच्याकडे तो थरच नाही, म्हणून दोन्ही कामं तुमच्यावर पडताहेत. त्या एकाला आधी सांभाळा.

जुना_ऑपरेटर

कोयलीच्या बाजूच्या एका प्लांटमध्ये माझी सगळी नोकरी शिफ्टमध्ये झाली. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सोव्हिएत मदतीनं सुरू झाली. या पट्ट्यात आम्हाला शिकवणाऱ्यांतले काही जण तिकडचे होते, परदेशी तज्ज्ञांच्या शेजारी उभं राहून शिकलेले. ना भाषा एक, ना खाणं एक. तरी विद्या उतरली, कारण समोर चालतं मशीन होतं.

ताई, 'सगळं लिहून द्या' असं अनुभवी माणसाला कधी सांगू नये. त्याला काय येतं हे त्याचं त्यालाच मोजता येत नाही. हात आपोआप जातो तिकडे. त्याला बिघाडाबद्दल विचारा. 'हा जॉब का परत आला होता? पहिल्यांदा कुणाला शंका आली? कशावरून आली?' मग बघा किती बोलतात ते.

आमच्याकडे सगळ्यात मोठी शाळा म्हणजे लॉगबुक. समोरचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर जायचं नाही, हा नियम. जाणारा आणि येणारा दोघं मिळून प्लांटमधून एक फेरी मारायचे. वहीत लिहिलेलं असायचं, 'बी पंपाचा आवाज बदलला आहे'. पण कसा बदलला, ते पंपाजवळ उभं राहूनच कळायचं. माझ्या शेवटच्या काळात कॉम्प्युटरवर हॅन्डओव्हर आला. नोंदी चांगल्या झाल्या, शोधायला सोप्या झाल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फेरी बंद पडली आणि तिथे नुकसान झालं. तुमच्या काकांबरोबर त्या बावीस वर्षांच्या मुलाची रोज एक फेरी लावून द्या. चर्चासत्र वगैरे नको. रोजचीच फेरी, फक्त दोघांनी मिळून.

नवी_भरती

मी चोवीस वर्षांची, वडोदऱ्यातच एका इंजिनिअरिंग कंपनीत. 'मुलं सोडून जातात' हे वाक्य प्रत्येक ठिकाणी ऐकते म्हणून लिहिते आहे.

माझे बाबा याच शहरात एका कारखान्यात लागले तेव्हा प्रोबेशन संपल्यावर त्यांना कायम केल्याचं पत्र मिळालं. ते पत्र आईनं अजून कपाटात ठेवलंय. मला दरवर्षी नवं पत्र मिळतं, मध्ये काही दिवसांचा खंड पाडून. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या सरांना आणि मला एकच काम आहे. त्यांना घरासाठी कर्ज मिळतं, मला बाइकसाठीही दोन जामीनदार मागतात. अशा माणसानं दोन हजार रुपये जास्त मिळाले तर जाऊ नये का?

काकांचा राग आम्हाला कळतो. पण आम्ही सोडून जातो ते काकांना नाही. आणि शिकायची आवड नाही असंही नाही. माझे सर जे दाखवतात ते मी रोज घरी येऊन लिहून काढते.

काउंटर_नंबर_३

नवी_भरती, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आणि सुरसागरकाठी यांनी मधल्या थराचं काढलंत म्हणून बँकेचं सांगते.

२०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. काम येणारे, शाखा अंगावर घेणारे पुष्कळ लोक गेले. त्यानंतर बराच काळ भरती अगदी तुटपुंजी होती. मग पुढच्या दशकात एकदम तरुण मुलांचा लोंढा आला. शाखेत एका बाजूला पंचावन्नचे, दुसऱ्या बाजूला चोवीसचे. बाहेरून आलेले अधिकारी म्हणायचे, 'तुमच्या पिढ्यांचं पटत नाही.' पटणार कसं? मधली माणसंच घेतली नव्हती. ती काही वयाची खोड नव्हती, वरच्या निर्णयाचा परिणाम होता.

दुसरं पेन्शनचं. बँकेत १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे बाजारावर अवलंबून असलेली नवी पेन्शन, त्याआधीच्यांना जुनी ठरलेली पेन्शन. केंद्र सरकारात हीच रेघ १ जानेवारी २००४ ला ओढली गेली. एकाच काउंटरवर, एकच कॅश मोजणाऱ्या दोन माणसांचं म्हातारपण वेगळं. त्यातल्या धाकट्याला 'तुमच्यात आपलेपणा नाही' असं सुनावणारे साहेब मी पाहिलेत आणि मला त्यांचा संताप यायचा. टेस्टबेंच, तुम्ही प्रमुख आहात. आपल्या खात्यात कुणाला कोणत्या अटी आहेत याची यादी आधी करा, ती डोळ्यांसमोर ठेवूनच कुणाच्या निष्ठेबद्दल बोला.

मनुष्यबळ

एचआरमध्ये आहे म्हणून एक भर. खंड पाडून नेमणूक देण्यामागे पुष्कळदा ग्रॅच्युइटीचा हिशेब असतो. १९७२ च्या कायद्यात सलग पाच वर्षांची अट होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांनाही सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. नवी_भरती, तुमचं पत्र नीट वाचा. 'ठरावीक मुदतीची नेमणूक' आहे की तुम्ही एखाद्या कंत्राटदाराच्या पटावर आहात, यानं फार फरक पडतो.

नवी_भरती

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आजच बघते.

लाल_पेन

बूमर, एक्स, मिलेनियल, झेड या पिढ्यांच्या खुणा कृपा करून इथे आणू नका, असं लिहिणार होतो, पण अजून कुणी आणल्या नाहीत याचा आनंद आहे. तरी सांगतो. १९४६ ते १९६४ ही 'बूमर'ची वर्षं अमेरिकेतल्या युद्धानंतरच्या जन्मदराची आहेत, त्यांचा आपल्या वडोदऱ्यातल्या मांडवी-रावपुऱ्याशी काय संबंध? समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमनं १९२८ मध्येच पिढ्यांवरच्या निबंधात म्हटलंय की एका साली जन्मल्यानं पिढी होत नाही, एकाच घडामोडीतून गेल्यानं होते. आणि अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थेनं २०२० मध्ये याच विषयावर अहवाल काढला. कामाच्या ठिकाणी माणसं सांभाळायला या पिढ्यांच्या कप्प्यांना पुरेसा आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

आपल्याकडे रेघ मारायचीच तर ती १९९१ च्या, म्हणजे आर्थिक उदारीकरणाच्या, आधी नोकरीला लागलेले आणि नंतरचे अशी मारावी. नाहीतर काउंटर_नंबर_३ म्हणतात तशी, पेन्शनच्या तारखेवर.

पारूल_नव्हे_पारू

लाल_पेन, कप्पे टाकले तरी वय राहतंच. मी नर्सिंगमध्ये आहे. पन्नाशीनंतर रात्रपाळीनंतरची झोप भरून निघत नाही, जवळचं बारीक अक्षर दिसत नाही, शिडी चढताना गुडघा बोलतो. आमच्या वॉर्डात नवी स्क्रीन आली आणि 'ज्येष्ठ सिस्टर नवं शिकायला तयार नाहीत' अशी बोंब झाली. आम्ही अक्षर मोठं करून घेतलं आणि वरचा दिवा बदलला. त्याच सिस्टर आता सगळ्यात अचूक नोंदी करतात. टेस्टबेंच, काकांच्या मीटरवर उजेड किती आहे तेही बघा हं.

दांडियाबाजारकर

हाक मारण्याबद्दल कुणीच बोललं नाही. आपल्या वडोदऱ्यात ऑफिसात सगळे भाई आणि बेन. बावीस वर्षांचाही भाई, साठीचाही भाई, मालकही भाई. त्यामुळे हुकूमसुद्धा घरच्यासारखा लागतो. मराठी मंडळी दोघंच समोरासमोर आली की पंचाईत. आमच्या ऑफिसात गल्लीतल्याच एक काकू आहेत. मी त्यांचा साहेब. चारचौघांत त्या मला 'भाई' म्हणतात आणि गणपतीत मांडवात 'अरे ए, ते तोरण सरळ कर' म्हणतात. मी करतो!

पुणे_रिटर्न

पुण्याच्या आयटी कंपनीत सगळे एकेरी नावानं. साठीच्या डायरेक्टरला 'ए संज्या' म्हणायचं धाडस मात्र कुणाला झालं नाही, तेवढं वाक्य सगळे इंग्रजीत बोलायचे 😄

दांडियाबाजारकर

हाहा. तेव्हा टेस्टबेंच, काकांना काकाच म्हणा. काम सांगताना 'काका, हा जॉब आज जायला हवा, कसा घेऊ या?' असं विचारा. हुकमाऐवजी त्यांचा सल्ला घेतल्यासारखं होतं, आणि तो खरोखरच घ्यावा असे ते आहेत. आणि शनिवारी सगळ्यांनी मिळून सेव उसळ खावी. अर्धे वाद रश्श्यातच बुडतात.

काउंटर_नंबर_३

सेव उसळ मीही आवडीनं खाते, पण हे पटत नाही. एकत्र नाश्ता केल्यानं कुणाचं पत्र कायम होत नाही. आमच्याकडे दर महिन्याला वाढदिवसाचे केक कापले जायचे आणि बदलीची यादी आली की पुन्हा तेच.

दांडियाबाजारकर

मान्य. पण माणूस एकदा मोकळा बोलला की तुमची ती अटींची यादी करणं सोपं जातं. मी दोन्ही करतो.

वर्कशॉपवाला

माझं मकरपुऱ्यातच छोटं मशीन शॉप आहे. जुनी लेथ आणि नवी व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, एकाच छपराखाली, त्यामुळे हा धागा जणू माझ्याच शेडमध्ये बसून लिहिलाय.

सगळ्यांनी चांगलं सांगितलं. पण काका हातचं का राखतात, या प्रश्नाला कुणी हात घातला नाही. मी सरळ बोलतो. आमच्याकडे एक टर्नर होते. चिप, म्हणजे धातूचा कीस, कशी सुटते ते बघून टूल कधी बदलायचं ते सांगायचे, आवाजावरून जॉब थरथरतोय हे ओळखायचे. आयटीआयच्या मुलाला त्यांच्याजवळ उभं केलं की ते गप्प. कारण उघड होतं. मुलगा शिकला की मला घरी पाठवणार, हे त्यांनी दुसऱ्या शेडमध्ये घडताना पाहिलेलं होतं. ती भीती खोटी नव्हती. अशा माणसाकडून विद्या मागताना आधी त्याची भाकरी पक्की करायला हवी.

मी त्यांना निवृत्तीनंतर दोन वर्षांचं पत्र आधी दिलं आणि मग मुलगा सोपवला. पगारात 'शिकवणी' म्हणून वेगळी रक्कम लावली, ती मुलगा पहिला जॉब एकट्यानं सेट करेल तेव्हा मिळणार. मुलालाही त्याच दिवशी वाढ. आता व्हीएमसीवर ऑफसेट भरायला तो मुलगा त्यांना शिकवतो आणि मटेरियल कडक लागलं की फीड कमी करायला ते त्याला सांगतात.

मोठ्या कंपन्यांतही हेच चालतं म्हणे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जीई कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी वरच्या साहेबांना इंटरनेट शिकायला तरुण नोकरदारांच्या हाती दिलं होतं. पण ते साहेब होते, त्यांची नोकरी जाणार नव्हती. आपल्याकडे शिकवणाऱ्याची नोकरी आधी वाचवायला लागते.

जुना_ऑपरेटर

वर्कशॉपवाले भाई, फेरीचा नियम सांगताना माझ्या मनात हे आलंच नव्हतं. आम्ही कायम नोकरीत होतो, आम्हाला शिकवायला भीती नव्हती. फार मोलाचं बोललात.

लाल_पेन

हाताचं कौशल्य एकाकडून दुसऱ्याकडे जावं, ही या शहराची जुनी चिंता आहे. सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय निघालं ते यासाठीच. दादासाहेब फाळके सिनेमाच्या फार आधी तिथेच शिकले.

सुरसागरकाठी

विषय रंगला की लाल_पेन कलाभवनात जाणार हे ठरलेलं. जा, पण लवकर परत या 🙂 रात्रीच्या मेसेजचं राहिलंय.

नवी_भरती

त्याबद्दल माझं मत पक्कं आहे. आठ तास पूर्ण लक्ष देऊन काम केलं की संध्याकाळ माझी. रात्री साडेनऊला 'उद्याच्या रिपोर्टचं काय?' याला उत्तर दिलं नाही तर तो उद्धटपणा कसा?

जुना_ऑपरेटर

आणि ट्रक गेटवर उभा असेल, टेस्ट फेल झाली असेल तर? तेव्हाही सकाळीच?

नवी_भरती

तेव्हा फोन करा ना, काका. फोन मी रात्री बारालाही उचलेन. ग्रुपवर शंभर सुप्रभातांमध्ये 'टेस्ट फेल' लिहिलेलं कुणाला दिसणार?

पारूल_नव्हे_पारू

आमच्या वॉर्डात हेच ठरलंय. तातडीचं असेल तर फोन, बाकी मेसेज, आणि मेसेजचं उत्तर पुढच्या पाळीपर्यंत आलं तरी चालतं. रात्री कुणाला फोन करायचा ते नाव फळ्यावर लिहिलेलं असतं. भांडणं बरीच थांबली. नियम नसताना प्रत्येक जण आपापल्या वयाची सवय हाच नियम धरून चालतो.

मनुष्यबळ

फळ्यावरचं नाव दर आठवड्याला बदला. नाहीतर ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचंच नाव कायम राहतं.

टेस्टबेंच

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. मध्ये डिस्पॅचची गर्दी होती म्हणून उशिरा लिहिते आहे. तेवढ्यात काही गोष्टी करून पाहिल्या.

जुना_ऑपरेटर काका, लिहून द्या म्हणणं बंद केलं आणि रोजची फेरी सुरू केली. पहिले काही दिवस दोघं मुकाट चालायचे. मग पावसात एक घटना घडली. गेल्या आठवड्यात एका तयार ट्रान्सफॉर्मरची मेगर रीडिंग फार कमी आली. आमच्या बावीस वर्षांच्या मुलानं एक मिनिटाची आणि दहा मिनिटांची रीडिंग घेतली, दोन्ही जवळजवळ सारखीच. पुस्तकाप्रमाणे त्याचं म्हणणं बरोबर होतं: इन्सुलेशनमध्ये ओल आहे, जॉब परत ओव्हनला घाला. म्हणजे तेल काढायचं, टाकी उघडायची, दोन-तीन दिवस गेले.

काका म्हणाले, 'आधी बुशिंग पूस.' बुशिंग म्हणजे टाकीवरचा चिनीमातीचा इन्सुलेटर, ज्यातून तार बाहेर येते. कोरड्या फडक्यानं पुसल्यावर रीडिंग वाढली, पण पुरेशी नाही. काकांना खात्री होती की ओल वरच्या चिनीमातीवरच आहे, आत नाही. खात्री होती, पण दाखवायचं कसं? तेव्हा त्या मुलाला मीटरच्या पुस्तिकेतली गार्डची तार आठवली. बुशिंगवर उघडी तार गुंडाळून ती गार्ड टर्मिनलला जोडली की पृष्ठभागावरून जाणारा करंट मीटरमध्ये मोजला जात नाही. आमच्याकडे ती तार कुणी लावतच नव्हतं, डब्यात तशीच पडून होती. लावली. रीडिंग व्यवस्थित आली. जॉब त्याच दिवशी गेला.

तेव्हापासून काका स्वतः त्याला हाका मारतात. बिघाडांची एक वही सुरू केली आहे. काका सांगतात, तो लिहितो, आणि खाली 'असं का झालं असेल' हे तो शोधून भरतो. डायऱ्या काकांकडेच आहेत, मी मागितल्याही नाहीत.

वर्कशॉपवाले भाई, तुमचं ऐकून मालकांकडे गेले. निवृत्तीनंतर एक वर्ष, आठवड्यातले तीन दिवस, असं पत्र काकांना आताच मिळालं. शिकवणीचे वेगळे पैसे मात्र मंजूर झाले नाहीत. अटींची यादीही केली. माझ्या खात्यात निम्मे लोक वर्षावर्षाच्या पत्रावर आहेत, आणि हे मला आकड्यात माहीतच नव्हतं. तिघांना कायम करा म्हणून लिहून दिलंय. दिवाळीनंतर बघू, असं उत्तर आलंय.

रात्रीचा फोन कुणाला करायचा ते फळ्यावर लिहिलं. पहिला आठवडा माझा.

नवी_भरती

तिघांचं काय झालं ते दिवाळीनंतर नक्की लिहा. मनुष्यबळ यांच्या सांगण्यावरून माझं पत्र बघितलं, मी कंत्राटदाराच्या पटावर निघाले. सोमवारी एचआरला भेटते आहे. कोणते कागद मागू?

मनुष्यबळ

नेमणुकीची सगळी पत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) आणि त्यात जमा दाखवणाऱ्या आस्थापनेचं नाव. यूएएनचं पासबुक आजच उतरवून घ्या, मग सोमवारी बोला.

वर्कशॉपवाला

टेस्टबेंच, शिकवणीचे पैसे पुन्हा मागा. एक जॉब ओव्हनमध्ये परत जाण्याचा खर्च काढा, वीज, तेल, मजुरी, उशिराचा दंड, आणि तो कागद मालकांसमोर ठेवा. आकडा बघितला की मालक ऐकतात, मी स्वतः मालक आहे म्हणून सांगतो.

टेस्टबेंच

उद्याच काढते. विंडिंगवाल्या आमच्या पस्तिशीच्या मुलाला हिशेबाला बसवते, त्याला खर्च चांगला कळतो. आणि त्याला या खात्यात कायमचं मागून घ्यायचं आहे, तेही त्याच कागदावर लिहीन.